कॅरोली श्नेमन : वारंवार विचारले जाणारे प्रश्न

कॅरोली श्नेमनचं नाव निघालं की बहुतेकांच्या डोळ्यांसमोर एकच छायाचित्र येतं. टेबलावर उभी असलेली एक नग्न स्त्री, अंगावर रंगाचे फटकारे आणि स्वतःच्या शरीरातून ओढून काढलेली कागदाची अरुंद पट्टी. या छायाचित्राने तिला जगभर पोचवलं, पण तिचं बाकीचं सहा दशकांचं काम त्याखाली झाकलंही गेलं. तिच्याबद्दल पुन्हा पुन्हा विचारले जाणारे प्रश्न इथे घेतले आहेत. काही उत्तरं लांबली आहेत, कारण ते प्रश्न एका ओळीत उरकण्यासारखे नाहीत.

थोडक्यात, ती कोण होती?

अमेरिकन चित्रकार, परफॉर्मन्स कलावंत (स्वतःच्या शरीराने, प्रेक्षकांसमोर कलेचे प्रयोग करणारी), प्रयोगशील चित्रपटकर्ती आणि लेखिका. जन्म १२ ऑक्टोबर १९३९, पेनसिल्व्हेनियातल्या फिलाडेल्फियाचा. वडील खेड्यापाड्यांत फिरून रुग्ण तपासणारे डॉक्टर होते. रक्त, जखमा, उघडं शरीर यांची भीती तिला कधीच वाटली नाही, त्याचं एक मूळ तिथे आहे. बार्ड कॉलेजमध्ये शिष्यवृत्तीवर शिकली, मधला काही काळ कोलंबिया विद्यापीठात होती आणि पुढचं शिक्षण इलिनॉय विद्यापीठात झालं. १९६१ मध्ये ती संगीतकार जेम्स टेनी या जोडीदाराबरोबर न्यूयॉर्कला आली. नंतरचं जवळपास सगळं आयुष्य न्यू पाल्ट्झजवळच्या अठराव्या शतकातल्या दगडी घरात गेलं. ६ मार्च २०१९ रोजी न्यू पाल्ट्झ इथे तिचं निधन झालं.

ती स्वतःला चित्रकार का म्हणवून घ्यायची? तिचं प्रसिद्ध काम तर चित्रकलेबाहेरचं आहे.

माझ्या मते तिच्याविषयीचा सगळ्यात महत्त्वाचा प्रश्न हाच आहे, आणि नेमका हाच सगळ्यात कमी विचारला जातो. आपण चित्रकार आहोत आणि मरेपर्यंत चित्रकारच राहणार, असं ती शेवटपर्यंत सांगत राहिली. यात नम्रता नव्हती आणि सोंगही नव्हतं. तिचं म्हणणं शब्दशः घेतलं की तिच्या कामाची संगती लागते.

सुरुवात निसर्गचित्रांपासून आणि व्यक्तिचित्रांपासून झाली. फ्रेंच चित्रकार सेझान हा चित्रांतून भेटलेला तिचा पहिला गुरू. लहानपणी 'सेझान' हे नाव तिला बाईचं वाटायचं. पुढे तिने एका पुस्तकाला नाव दिलं, 'सेझान, शी वॉज अ ग्रेट पेंटर'. ज्या परंपरेवर तिने जीव लावला होता, तिच्यात आपल्यासारखी एखादी तरी बाई सापडावी, ही आस त्या लहानशा गैरसमजात दिसते.

सेझानच्या चित्रात वस्तू एका जागी स्थिर बसत नाही. नजर सरकते तशी तीही हलते. श्नेमनने ही हालचाल कॅनव्हासबाहेर नेली. आधी चित्रांवर वस्तू चिकटवल्या, मग खोक्यांत काचांचे तुकडे आणि रंग भरून ती पेटवली, नंतर मोटारी जोडून चित्राचे भाग फिरवले. न्यूयॉर्कमध्ये ती जडसन डान्स थिएटरच्या नर्तकांसाठी प्रयोग रचू लागली, तेव्हाही अवकाश म्हणजे तिचा कॅनव्हास होता आणि माणसं म्हणजे रंग. शेवटी या साहित्यात तिने स्वतःचं शरीरही घातलं.

ती एक जुनी आठवण सांगायची. १९६० मध्ये इलिनॉयला राहत असताना वादळात एक झाड थेट घरात कोसळलं, आणि तिची मांजर किच त्या पडझडीतून नवनव्या वाटा काढत फिरू लागली. ते पाहून श्नेमनने मित्रमंडळींना बोलावलं आणि त्या फांद्या, चिखल आणि ढिगाऱ्यातून सरपटत जायला लावलं. चित्र भिंतीवर टांगून बघण्याऐवजी त्यातून अंग चोरत, अंग खरडून घेत पुढे जायचं, ही कल्पना तिला तिथे सापडली.

'आय बॉडी' हे काम एवढं महत्त्वाचं का मानतात?

१९६३ साल. न्यूयॉर्कमधला तिचा स्टुडिओ पूर्वी फरच्या कोटांचा कारखाना होता, त्यामुळे फरचे तुकडे तिच्या कामात आयतेच आले. त्या जागेत तिने फुटके आरसे, रंगवलेले फलक आणि मोटारीवर फिरणाऱ्या छत्र्या यांचं एक मांडणशिल्प उभं केलं. मग अंगाला रंग, ग्रीस आणि खडू फासून ती स्वतःच त्यात शिरली. आइसलँडचा चित्रकार एरो याने छायाचित्रं काढली. एका छायाचित्रात तिच्या पोटावर जिवंत साप आहेत. कामाचं पूर्ण नाव 'आय बॉडी : थर्टीसिक्स ट्रान्सफॉर्मेटिव्ह ॲक्शन्स फॉर कॅमेरा'. इथे 'आय' म्हणजे डोळा.

चित्रात नग्न स्त्री असणं ही काही नवी गोष्ट नव्हती. पाश्चात्त्य चित्रकला शेकडो वर्षं तिच्यावरच पोसली होती. नवं होतं ते तिचं मालकीण असणं. मी प्रतिमाही असू शकते आणि प्रतिमा घडवणारीही, दोन्ही एकाच वेळी, हा दावा श्नेमनने इथे पहिल्यांदा उघडपणे केला. बार्डमध्ये हाच प्रश्न तिच्यासमोर वेगळ्या रूपात आला होता. मॉडेल मिळेनात म्हणून तिने स्वतःला आणि टेनीला नग्न बसवून चित्रं काढली, आणि त्यापायी आपल्याला कॉलेजातून काही काळ दूर केलं गेलं, असं ती सांगत असे. बाई मॉडेल म्हणून नग्न उभी राहिली तर चालत होतं. तिने ब्रश हातात घेतला की ते अनैतिक ठरत होतं.

छायाचित्रं दाखवल्यावर एका क्युरेटरने तिला सुनावलं होतं की चित्रं काढायची असतील तर काढ, नागडं फिरायचं असेल तर कलेच्या जगात तुझं काम नाही. 'आय बॉडी' आज अभ्यासक्रमांत आहे, तिथवर पोचायला तिला दशकं लागली.

'मीट जॉय'मध्ये कच्चं मांस कशाला? नुसती खळबळ उडवायची होती का?

मे १९६४ मध्ये पॅरिसमध्ये फ्रेंच कलावंत ज्याँ-जॅक लबेलने भरवलेल्या महोत्सवात 'मीट जॉय' पहिल्यांदा झालं, त्यानंतर लंडनला, आणि नोव्हेंबरमध्ये न्यूयॉर्कच्या जडसन मेमोरियल चर्चमध्ये. तरुण-तरुणींचा एक गट, अंगावर मोजके कपडे, पार्श्वभूमीला पॅरिसच्या रस्त्यावरचे आवाज आणि त्या काळची पॉप गाणी. ते एकमेकांवर लोळतात, रंग फासतात, कागदाच्या ढिगात बुडतात, आणि मग त्यांच्यावर कच्चे मासे, कोंबड्या, सॉसेज येऊन पडतात.

हसू, घाण, मऊपणा, किळस, वासना, भूक हे सगळं तिथे एकदमच होतं. ओला रंग आणि ओलं मांस या दोन्हींना तिने एकाच नजरेने पाहिलं. दोन्ही चिकट, दोन्ही नाशवंत, दोन्हींचा रंग मोहवणारा. खळबळ उडालीच. पॅरिसच्या प्रयोगात प्रेक्षकांतला एक पुरुष पुढे येऊन तिचा गळा दाबू लागला आणि तीन मध्यमवयीन बायकांनी आपल्याला सोडवलं, असं तिने सांगितलं आहे. मला त्या तीन बायकांचं फार कौतुक वाटतं. असला प्रयोग त्यांनी जन्मात पाहिला नव्हता, तरी कोणतं दाबणं खेळातलं आणि कोणतं खरं हे त्यांना बरोबर कळलं.

'फ्यूजेस' ही पोर्नोग्राफी नाही का?

नाही. का नाही हे नीट सांगायला हवं, कारण 'कला आहे म्हणून चालतं' एवढं उत्तर पुरत नाही.

१९६४ ते १९६७ या काळात केलेला हा १६ मिलिमीटरवरचा, सुमारे अर्ध्या तासाचा मूक चित्रपट आहे. श्नेमन आणि टेनी यांचं त्यांच्याच घरातलं लैंगिक जीवन त्यात आहे. कॅमेरा उसना आणलेला, चावीवर चालणारा. चावी संपली की चित्रण थांबायचं. खोलीत तिसरा माणूस नव्हता. कॅमेरा कधी खुर्चीवर ठेवलेला, कधी दिव्याला टांगलेला, कधी दोघांपैकी एकाच्या हातात. तिसरी होती ती किच मांजर, खिडकीत बसून शांतपणे बघणारी. आपण बघतो ते मांजरीच्या नजरेने, असं श्नेमन म्हणत असे. मांजरीला लाज नसते आणि लोभही नसतो.

चित्रण झाल्यावर खरं काम सुरू झालं. तिने फिल्मवर रंग लावला, ती ओरखडली, ॲसिडमध्ये बुडवली, भट्टीत भाजली, पाऊसपाण्यात बाहेर ठेवली, एकावर एक पट्ट्या चिकटवल्या. त्यामुळे पडद्यावर एखादं अंग दिसतं ना दिसतं तोच त्यावरून रंगाचा लोट जातो, मग समुद्रकिनारा, मग खिडकीतला उजेड, मग पुन्हा त्वचा. पोर्नोग्राफी एका शेवटाकडे धावते. इथे शेवटच नाही, आणि कोण कोणाला 'घेतंय' हेही ठरवता येत नाही. पुरुषाचं शरीरही तितक्याच मायेने, तितक्याच जवळून पाहिलेलं आहे. चित्रपटाच्या नावात एकजीव होणंही आहे आणि स्फोटकाची वातही. मराठीत हे दोन्ही अर्थ एका शब्दात धरता येत नाहीत, म्हणून मी नाव तसंच ठेवलं आहे.

या चित्रपटामागे एक मतभेदही होता. प्रयोगशील चित्रपटकार स्टॅन ब्रॅकेज या दोघांचा मित्र. त्याच्या 'लव्हिंग' आणि 'कॅट्स क्रेडल' या चित्रपटांत श्नेमन आणि टेनी दिसतात, आणि 'कॅट्स क्रेडल'मध्ये तिला एप्रन बांधायला लावलं होतं. मित्र कितीही थोर असला तरी त्याच्या चौकटीत आपण आपण राहत नाही, हे तिला तिथे कळलं. स्वतःचं प्रेम स्वतःच्या हाताने चित्रित केलं तर ते कसं दिसेल, याचं उत्तर म्हणजे 'फ्यूजेस'. १९६९ मध्ये कान महोत्सवात त्याला ज्युरीची विशेष निवड लाभली. तिथे काही पुरुष प्रेक्षकांनी संतापून खुर्च्या ब्लेडने फाडल्या, असं ती सांगत असे.

'इंटिरिअर स्क्रोल'मध्ये नेमकं काय घडलं?

२९ ऑगस्ट १९७५, न्यूयॉर्क राज्यातलं ईस्ट हॅम्प्टन. स्त्री कलावंतांच्या एका प्रदर्शनाच्या निमित्ताने जमलेले प्रेक्षक, त्यात बहुतेक बायकाच. श्नेमन चादर गुंडाळून आली आणि टेबलावर चढली. सेझानवरच्या आपल्या पुस्तकातून वाचणार असल्याचं तिने सांगितलं, आणि चादर टाकली. मग चेहऱ्याच्या आणि शरीराच्या कडांवरून रंगाचे जाड फटकारे ओढले. एका हातात पुस्तक धरून वाचत वाचत, कलाशाळेतली मॉडेल देते तशा एकामागून एक पोझ दिल्या. शेवटी पुस्तक खाली ठेवलं आणि योनीतून घडी घातलेली कागदी पट्टी हळूहळू बाहेर काढत तिच्यावरचा मजकूर वाचला.

छायाचित्रात फक्त शेवट दिसतो. मला मधला भाग अधिक महत्त्वाचा वाटतो. मॉडेल बोलत नाही, हा कलाशाळेचा नियम. इथे मॉडेलच वाचते आहे, तेही स्वतःचं लिखाण. आतून आलेलं ज्ञान हा शब्दप्रयोग आपण सहज करतो. श्नेमनने त्याला जागा दिली, शरीर दिलं आणि वर मजकूरही दिला.

१९७७ मध्ये कोलोरॅडोतल्या टेल्युराइड चित्रपट महोत्सवात तिने हा प्रयोग पुन्हा केला. तिथे स्त्रियांच्या चित्रपटांच्या कार्यक्रमाला 'कामुक स्त्री' अशा अर्थाचं नाव दिलेलं तिला खटकलं होतं. त्यानंतर मात्र हा प्रयोग आपली कायमची ओळख होऊ नये, असं तिला वाटत राहिलं.

पट्टीवरच्या मजकुरातला तो 'सुखी माणूस' कोण?

मजकुराचा सर्वांत गाजलेला भाग असा : एक सुखी माणूस, संरचनावादी (कथा-भावनेपेक्षा चित्रपटाच्या रचनेला महत्त्व देणारा) चित्रपटकार, भेटतो आणि सांगतो की तुझे चित्रपट आम्हाला बघवत नाहीत. त्यात वैयक्तिक पसारा फार, भावना फार, हाताचे ठसे फार, रोजनिशीचा सोस फार. शेवटी तर तो म्हणतो की आम्ही तुला नर्तकी समजतो.

वाचकांनी वर्षानुवर्षं त्या माणसाचा शोध तिच्या जोडीदारांत घेतला. पुढे श्नेमननेच सांगितलं की हा मजकूर खरं तर चित्रपट समीक्षक ॲनेट मायकेलसन हिला उद्देशून होता, जिला तिचे चित्रपट पाहवत नव्हते. म्हणजे समोरची व्यक्ती एक बाईच होती. हे कळल्यावर मजकूर अधिकच बोचतो. तर्क म्हणजे पुरुषी आणि भावना म्हणजे बायकी, ही वाटणी कोणाच्याही डोक्यात घर करू शकते.

दोरीला लटकून चित्र काढण्याचा प्रकार काय होता?

'अप टू अँड इन्क्लुडिंग हर लिमिट्स', १९७३ ते १९७६. झाडं छाटणारे कामगार वापरतात तसा पट्टा अंगाला बांधून ती दोरीवर लटकायची. हातात रंगीत खडू. झोका जाईल तसतशा बाजूच्या कागदांवर रेघा उमटायच्या. अमेरिकन चित्रकार जॅक्सन पोलॉकने कॅनव्हास जमिनीवर टाकून त्याच्याभोवती फिरत रंग सांडला, हा पराक्रम कलेच्या इतिहासात ठळक लिहिला गेला. श्नेमनने पायाखालची जमीनच काढून घेतली. इथे हात ठरवत नाही. वजन, दोरी आणि थकवा मिळून रेघ ठरवतात. काही ठिकाणी ती संग्रहालय उघडताना सफाई कामगारांबरोबरच आत यायची आणि बंद होईपर्यंत थांबायची. ठरलेली वेळ नाही, तालीम नाही, खुर्च्यांत बसलेले प्रेक्षक नाहीत.

तिच्या कामात राजकारण फक्त स्त्री-पुरुषांपुरतंच होतं का?

मुळीच नाही. 'व्हिएत-फ्लेक्स' (१९६५) हा सात मिनिटांचा चित्रपट व्हिएतनाम युद्धातल्या अत्याचारांच्या छायाचित्रांवर उभा आहे. ती छायाचित्रं तिने परदेशी वृत्तपत्रांतून आणि मासिकांतून जमवली होती. भिंगं लावून ती एकेका छायाचित्राच्या जवळ जाते. चित्र धूसर होतं, मग स्पष्ट होतं, आणि आपण काय बघतो आहोत हे उशिरा उमगतं. ध्वनी टेनीचा, अनेक संगीतांचे तुकडे जोडलेला. जानेवारी १९६७ मधल्या 'स्नोज' या नाट्यप्रयोगात हाच चित्रपट दाखवला गेला. प्रेक्षागृहातल्या काही खुर्च्यांना मायक्रोफोन जोडले होते, त्यामुळे प्रेक्षक हलले की दिवे आणि यंत्रं बदलायची. बघणारा नामानिराळा राहू शकत नाही, ही गोष्ट तिने अशी तारा जोडून दाखवली.

२००१ मधल्या 'टर्मिनल व्हेलॉसिटी'मध्ये तिने वर्ल्ड ट्रेड सेंटरवरून कोसळणाऱ्या माणसांची वृत्तपत्रीय छायाचित्रं मोठी करून मांडली. त्यावर वाद झाला. हे काम बघणं सोपं नाही, पण त्यात चवीने बघणं नाही. गर्दीतला एकेक माणूस वेगळा ओळखू यावा, इतकंच ते मागतं.

स्त्रीवादी समीक्षकांनीच तिच्यावर टीका केली, हे खरं का?

खरं आहे. सत्तरच्या दशकात काहींचं म्हणणं होतं की सुंदर, तरुण, गोऱ्या बाईने नग्न होणं म्हणजे पुरुषांच्या नजरेला खाद्यच. ऐंशीच्या दशकात दुसरा आक्षेप आला : योनी, देवी, साप यांच्याकडे वळून ती स्त्रीत्व शरीराला बांधून टाकते. पहिला आक्षेप मला पटत नाही, कारण ज्या परंपरेने बाईला विवस्त्र केलं, तिच्या विरोधात बोलण्यासाठी बाईने स्वतःचं शरीर कायमचं झाकून ठेवायचं, यात शेवटी शिक्षा बाईलाच होते. दुसऱ्या आक्षेपात तथ्य आहे. तिच्या काही लेखनात प्राचीन देवींविषयीचा उत्साह पुराव्यांच्या पुढे धावतो. तिचे चित्रपट मात्र त्या लेखनापेक्षा शहाणे आहेत.

असं करणारी ती पहिली आणि एकटीच होती का?

एकटी नव्हती. योको ओनोने १९६४ मध्ये प्रेक्षकांच्या हाती कात्री देऊन आपले कपडे कापू दिले. शिगेको कुबोताने १९६५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये ब्रश अंतर्वस्त्राला जोडून जमिनीवर चित्र काढलं. ऑस्ट्रियाच्या व्हॅली एक्स्पोर्टने १९६८ मध्ये छातीवर छोट्या नाट्यगृहासारखं खोकं बांधून रस्त्यावरच्या लोकांना त्यात हात घालायला सांगितलं. बऱ्याचदा एकमेकींना न विचारता या बायका एकाच प्रश्नाशी येऊन पोचत होत्या. श्नेमनचं वेगळेपण असं की तिच्याकडे आनंद आहे. तिच्या समकालीनांच्या कामात शरीर बहुतेक वेळा सोसणारं आहे. तिच्याकडे ते सुख घेणारं, हसणारं, चिखलात लोळणारंही आहे.

तिला मान्यता कधी मिळाली?

उशिरा. १९९६ मध्ये न्यूयॉर्कच्या न्यू म्युझियमने तिच्या कामाचं मोठं प्रदर्शन भरवलं. पण सगळं आयुष्य एकत्र मांडणारं 'कायनेटिक पेंटिंग' हे सिंहावलोकनी प्रदर्शन २०१५ मध्ये साल्झबुर्गला सुरू झालं, पुढे फ्रँकफर्टला आणि २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या मोमा पीएस१ या समकालीन कलेच्या संग्रहालयात आलं. त्याच वर्षी व्हेनिस बिएनाले या आंतरराष्ट्रीय कलाप्रदर्शनाने तिला जीवनगौरवासाठी गोल्डन लायन हा पुरस्कार दिला. तेव्हा ती ७७ वर्षांची होती. त्या प्रदर्शनाच्या नावात 'पेंटिंग' हा शब्द होता, याचा मला फार आनंद झाला.

तिचं काम बघायला कुठून सुरुवात करावी?

'व्हिएत-फ्लेक्स'पासून, कारण ते छोटं आहे आणि तिची बघण्याची पद्धत त्यात उघडी दिसते. मग 'मीट जॉय'ची उरलेली फिल्म, साधारण दहा मिनिटांची. ती प्रयोगाची नोंद आहे, प्रयोग नव्हे, हे लक्षात ठेवावं. 'फ्यूजेस' शक्यतो मोठ्या पडद्यावर आणि अंधारात बघावी. लहान पडद्यावर तिचे रंगांचे थर चपटे होतात आणि उरते फक्त विषयाची उत्सुकता. वाचायचं असेल तर तिचं १९७९ चं 'मोअर दॅन मीट जॉय' हे पुस्तक.

आणि मांजरींचं एवढं काय?

हा प्रश्न लोक जरा संकोचून विचारतात. संकोचाचं कारण नाही.

किच जवळजवळ वीस वर्षं तिच्याबरोबर होती. 'फ्यूजेस', 'प्लंब लाइन' आणि 'किच्स लास्ट मील' ही श्नेमनची आत्मचरित्रात्मक त्रयी. शेवटचा चित्रपट १९७३ मध्ये सुपर ८ या घरगुती वापराच्या छोट्या फिल्मवर सुरू झाला. किच म्हातारी झाली होती. श्नेमनने ठरवलं की तिचं जेवण नियमाने चित्रित करायचं, आणि ती जाईल त्या दिवशी थांबायचं. मधल्या काळात घर, बागकाम, स्वयंपाक, जवळून जाणारी आगगाडी, तेव्हाचा जोडीदार अँथनी मॅकॉल हे सगळं चित्रणात येत गेलं. दोन चित्रं एकावर एक, खाली-वर दाखवली जातात, ध्वनी वेगळ्या टेपवर. पट्टीवरचा तो 'सुखी माणसा'चा मजकूरही मूळचा याच चित्रपटातला.

मोठ्या कलेचा विषय मोठा असावा लागतो, असं तिला सांगणारे पुष्कळ होते. तिने एका मांजरीच्या बशीकडे तीन वर्षं कॅमेरा लावून ठेवला. १९७६ मध्ये किच गेली आणि चित्रण थांबलं.

पुढे आठेक वर्षं क्लुनी नावाचा बोका रोज सकाळी तिला तोंडावर चाटून उठवायचा. तिने उशाशी कॅमेरा ठेवला आणि अर्धवट झोपेतच हात लांब करून ते क्षण टिपले. 'इन्फिनिटी किसेस' या नावाने ती छायाचित्रं भिंतभर मांडली जातात. काही चौकटींत फोकस सुटलेला आहे, काहींत नुसता गाल आणि मिशा.